डावा वेढा

बालवाडीच्या बाईंचा मेसेज आला तेव्हा मी आईच्या उशीवरचे केस वेचत होते. बालदिनाला प्रत्येक मुलाने आपापल्या समाजाचं शिरोभूषण घालून यायचं, ते घरातल्याच वस्तूंमधून केलेलं हवं, विकत आणायचं नाही. मी तो मोठ्याने वाचला. भिंतीकडे तोंड करून पडलेली आई उठूनच बसली.

"शिंग करायचं म्हणतायत?"

"शिंगच असं काही नाही. पुठ्ठ्याचं करू काहीतरी."

"पुठ्ठ्याचं शिंग तुझ्या सासरच्यांना घाल. हँगर आण, लाकडी. प्लॅस्टिकचा आणलास तर तुझ्याच डोक्यात घालीन."

कित्येक दिवसांनी तिचा असा आवाज ऐकला. मी धावत जाऊन नवऱ्याचा, छिनचा कोट जमिनीवर टाकला आणि हँगर आणला.

आमच्या डोंगरातल्या बायका डोक्यामागे खांद्यापर्यंत पोचणारं लाकडी शिंग बांधतात. त्यावर काळ्या लोकरीचे जाड वेढे, इंग्रजी आठच्या आकड्यासारखे, आणि वरून पांढरी पट्टी. लोकरीत केस मिसळलेले असतात. आईचे, आजीचे, पणजीचे, विंचरताना गळलेले, वर्षानुवर्षं जपून ठेवलेले. आमच्या घरातली ती गुंडाळी गावाकडच्या आगीत घराबरोबर गेली. मी तेव्हा कॉलेजात होते. केस कापले होते, आणि त्यानंतर शिंग कधी बांधलंच नाही. नवरा बहुसंख्य हान समाजातला, राहणं ग्वेइयांग शहरात दहाव्या मजल्यावर. कोण बांधणार आणि कशाला?

आई आमच्याकडे आली ती पोटाच्या गाठीवरच्या उपचारांसाठी. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी मला एकटीला बाजूला घेतलं. आता सलाईन नको म्हणाले, घरी न्या, खाईल ते खाऊ द्या. छिन आणि मी जिन्यात उभं राहून ठरवलं की तिला सांगायचं नाही. मी तिला म्हटलं, औषध लागू पडलंय, म्हणून सुट्टी दिली. ती "बरं" म्हणाली. तेव्हापासून मी तिचा चेहरा बघत असते. आधी फक्त लेकीवर, श्याओमानवर डोळा असायचा. ताप आहे का, द्राक्ष अख्खं तर नाही गिळलं. आता दोघींवर असतो. दारामागून, आरशातून, भांडी घासता घासता. तिला कळलं तर ती खाणं सोडेल, हीच एक भीती.

आईने सगळं मागून घेतलं. छिनचा जुना काळा स्वेटर उसवायला श्याओमानला बसवलं. पोर धागा ओढत खोलीभर पळत होती आणि आई ओरडत होती, "अगं मांजरे, गुंता होतोय!" पांढऱ्या पट्टीसाठी हॉस्पिटलातून आलेलं बँडेज काढलं.

"आणि केस कुठे टाकलेस?"

"कुठले केस?"

"माझे. रोज सकाळी चोरासारखी उचलतेस ते."

ते मी टाकले नव्हते. बिस्किटांच्या डब्यात होते. टाकायला हात झाला नव्हता, एवढंच. तिने डबा उघडला आणि हसली.

"आयुष्यभर विंचरून एवढे निघाले नसते. माझ्या आईला मूठभर जमवायला म्हातारपण आलं."

"आई, त्यात केमोचं औषध आहे. पोरीच्या डोक्याला लागेल."

"औषध आहे ना? मग चांगलंच की."

लोकर आणि केस तिने मांडीवर एकत्र वळले आणि हँगरवर पहिला वेढा घेतला. पाठीला उशी, खिडकीतून ऊन, तोंडात आंबवलेल्या मिरचीचा तुकडा. बोटं सुजलेली होती, पण चुकत नव्हती. मी तांदूळ निवडायचं सोडून बघत राहिले. बऱ्याच वेळाने मला कळलं की आपला जीव कशाने घाबरा होतोय.

ती डावीकडून वेढे घेत होती.

आमच्या वाडीत जिवंत बाईचं शिंग उजवीकडून सुरू होतं. डावीकडून बांधतात ते माणूस गेल्यावर, तिरडीवर ठेवायच्या आधी. म्हणजे पलीकडच्या आज्या-पणज्यांना ती समोरून येताना ओळखू येते. लहानपणी आजीचं बांधताना मी दारातून बघितलं होतं, आणि कुणीतरी मला दंड धरून बाहेर नेलं होतं.

औषधांनी तिचं डोकं चालेनासं झालं असेल, असं मला वाटलं. ते बरंच झालं असतं.

"आई, उलटं होतंय."

"उलटं नाही."

"आई, बघ ना. डावीकडून घेतेयस. हे पोरीच्या डोक्यावर चढवायचंय!" माझा आवाज चढला. श्याओमान धागा ओढायची थांबली. मी हँगर तिच्या हातातून जवळजवळ हिसकावला आणि वेढे सोडायला लागले.

"ठेव," आई म्हणाली. "पोरीचं आहे कोण म्हणालं? पोरीला तिचा बाप पुठ्ठ्याचं करून देईल. श्याओमान, जा बाळा, आतून कात्री आण. हळू, टोक खाली धरून."

पोर आत गेल्यावर तिने माझ्याकडे बघितलं.

"हे माझं आहे, शुआंग. गावाला न्यायला जमेल न जमेल. इथे तुमच्या दहाव्या मजल्यावर कोण बांधणार होतं मला? लिफ्टवाला?"

"काहीतरी बोलू नकोस. तुला बरं वाटतंय, डॉक्टर म्हणाले..."

"दोन महिने मिरचीची बरणी कपाटाच्या वर ठेवलीस. मी हात लावला की अंगावर यायचीस. पोट, पोट, पोट. गेल्या आठवड्यात तूच बरणी माझ्या उशाशी आणून ठेवलीस, चमच्यासकट." तिने तोंडातलं मिरचीचं बी बोटावर घेतलं. "मला शाळा नाही, पण एवढं कळतं गं."

मी तिचा चेहरा दिवसरात्र बघत होते. ती माझे हात बघत होती.

"मग बोलली का नाहीस?"

"तुला बरं वाटत होतं म्हणून."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. तिने ठेवू दिलं, फार वेळ नाही. "लोकर भिजेल," म्हणाली. मी उठले. सुटलेले वेढे तिने पुन्हा घेतले, डावीकडूनच, आणि मी गुंता सोडवून देत राहिले. श्याओमान कात्री घेऊन आली, टोक खाली धरून, आणि आपलं काम झालं म्हणून बापाकडे पुठ्ठा मागायला पळाली.

शिंग तयार झालं. आता ते डोक्यावर टिकेना. ते स्वतःच्या केसांत खोवलेल्या फणीवर बसतं, आणि आईच्या डोक्यावर फणी अडकायला केस नव्हते. दोनदा घसरून मानेवर आलं. आई इतकी हसली की तिला खोकला लागला. शेवटी मी तिच्या लोकरी टोपीला फणी शिवली. जाड दोऱ्याने, चारी बाजूंनी, टोपी डोक्यावर असतानाच, तिच्या कवटीवर आतून एक बोट ठेवून, सुई लागू नये म्हणून. कवटी गरम होती. कानामागे शीर उडत होती.

"आता पट्टी," ती म्हणाली. "तू बांध. मला बघायचंय तुला येतं का."

"आत्ता?"

"मग कधी? त्या दिवशी घाबरशील आणि सैल बांधशील. वाटेत पडलं तर मी एका हाताने धरून चालू काय?"

मी तिच्या मागे उभी राहिले. बँडेजचं टोक शिंगाला धरलं आणि पहिला वेढा दिला.

"डावीकडून गं."

माझा हात उजवीकडे गेला होता. मी सोडलं. परत टोक धरलं, मनात डावं, डावं म्हटलं, आणि हात पुन्हा उजवीकडेच गेला.

"कॉलेजात डावं-उजवं शिकवलं नाही वाटतं."

"शिकवलंय."

"मग?"

तिने मागे न बघता आपला हात वर केला, चाचपत माझं मनगट पकडलं, आणि डावीकडे ओढून घेतलं.