घोंगडीखालचा उतार

मी एक जुनं पूल टेबल आहे, आणि आज सकाळपासून मला चैन नाही. दसरा होऊन गेला. माजलगावच्या काळ्या रानांना भेगा पडायला लागल्या असतील. माझा डावीकडचा पाय खाली चालला आहे, असं मला सारखं वाटतं. कदाचित तसं काहीच नसेल. पण माझी देखभाल करणारा बजरंग येऊन बघेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर यायचा नाही. तोवर, मित्रांनो, माझी हकिकत ऐका, म्हणजे माझाही वेळ जाईल.

माझी पाठ घोटीव दगडाच्या तीन फरशांची आहे. तिच्यावर बनात, म्हणजे हिरवं लोकरी कापड, ताणून बसवलेली, चारी कडांना रबराच्या गाद्या आणि सहा भोकं. काठीने पांढरा बॉल मारायचा आणि त्याच्या धक्क्याने बाकीचे बॉल भोकात घालायचे, एवढाच खेळ; पांढराच भोकात पडला तर मात्र चूक. पण दगड केसभर कलला किंवा कापड जरा सैल पडलं, की त्याच फटक्याचा बॉल भलतीकडे जातो. म्हणून पैशाच्या स्पर्धांत उतरणारे खेळाडू डावाआधी टेबलावरून हात फिरवतात, एक बॉल हळूच सोडून बघतात. मला हे सगळं माहीत होतं. सांगता मात्र येत नव्हतं.

सुरुवातीची वर्षं मी औरंगाबादच्या एका क्लबात काढली. तिथे मला रोज ब्रशने झाडत आणि माझ्या कडेवर कोणी चहाचा कपही ठेवत नसे. पुढे क्लबाने नवं टेबल आणलं आणि मला विकून टाकलं. १९९५ साली ज्यांनी मला घेतलं ते वैजिनाथ शेठ माजलगावच्या मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले, आडते. त्यांच्या गच्चीवर नुकतीच डिशची छत्री बसली होती, आणि परदेशी चॅनेलवर त्यांनी पूल पाहिला होता. ट्रकमधून मला उतरवताना ते हमालांना म्हणाले, "सगळं जग आता माजलगावात येऊ लागलंय. मग पूल कावून न्हाई?"

दुकानामागच्या गोदामातली ज्वारीची थप्पी हलवून मला तिथे उभं केलं. गोदामाच्या फरशीखाली निव्वळ काळी माती होती आणि जवळूनच धरणाचा कालवा जात होता. पाणी सुटलं की माती फुगे, उन्हाळ्यात ती फाटे. वर्षभरात माझा एक पाय दोन बोटं खाली गेला. सगळे बॉल डाव्या कोपऱ्याकडे झुकू लागले आणि मी अस्वस्थ झालो. शेठना वाटलं, टेबलाचा तो गुणच आहे.

शेठ माणूस वाईट नव्हता, मला मानही भरपूर द्यायचे. पण त्या मानानेच माझा घात केला. खांडेनवमीला त्यांनी तराजू आणि वजनं माझ्यावर मांडली, हळदकुंकू वाहिलं आणि समई लावली. समई कलंडली. ऐन मध्यावर माझी बनात जळाली आणि तेल खाली दगडापर्यंत झिरपलं. नवी बनात मुंबईहून मागवावी लागणार होती. शेठ "आणू, आणू" म्हणत राहिले.

तेव्हा बजरंग पुढे आला. तो मेंढपाळाचा मुलगा, चोवीस वर्षांचा. मेंढरांसाठी सरकीची पेंड न्यायला दुकानात यायचा आणि मग तासन्तास माझ्यापाशी रमायचा. लांब गेलेल्या मेंढीच्या बरोबर पुढे खडा टाकून तिला वळवण्यात त्याची नजर तयार झालेली. तसा हात मी औरंगाबादेतही पाहिला नव्हता. त्याने घरून काळी घोंगडी आणली. तिच्यासाठी सूत त्याच्या आईने, चतुराबाईने, कातलं होतं. लांबीरुंदीने ती मला अगदी बेताची निघाली. पण चतुराबाई सोबत आली ती अट घेऊनच.

"घोंगडी देवाच्या बैठकीची हाय," ती म्हणाली. "तिला खिळा मारायचा न्हाई आन् कात्री लावायची न्हाई."

शेठनी लगेच मान डोलावली. घोंगडीच्या कडा गाद्यांखाली दाबल्या, भोकांपाशी दुमडल्या आणि सुतळीने बांधल्या. ती कधीच ताणून बसली नाही. तिच्या जाड लोकरीत बॉल लवकर दमायचा, म्हणून बजरंग सगळा जोर लावून मारायला शिकला. डावीकडच्या उतारामुळे बोटभर उजवीकडे नेम धरायला शिकला. दोन वर्षांत त्याला हरवणारा तालुक्यात कोणी उरला नाही. लोक टाळ्या वाजवायचे आणि मला शरम वाटायची, कारण मी त्याला खोटं शिकवत होतो.

मग पुण्याच्या स्पर्धेची बातमी आली. पहिल्या आठ खेळाडूंना एक कंपनी पगारावर खेळायला ठेवणार होती. बजरंगने घरी सांगून टाकलं की निवड झाली तर मेंढरं धाकटा भाऊ बघेल, नाही झाली तर मी पुन्हा मेंढरांमागे. निघताना त्याने माझ्यावर हात ठेवला. त्या वेळी मला वाचा असती तर मी ओरडलो असतो.

तो गेला आणि मी चार दिवस नुसता तळमळत राहिलो. पाचव्या दिवशी तो गोदामात येऊन पोत्यावर बसला.

"शेठ, तिथं बॉल थांबतच न्हाई," तो म्हणाला. "कापड लई पातळ, आरशावानी. मी मारला की बॉल तर जायचाच, मागून पांढराबी भोकात. मग हलकं मारलं, तर हात आपोआप उजवीकडं जायचा. पहिल्याच सामन्यात भायेर."

शेठ माझ्यावर उखडले. "हे खोटं टेबल मोडीत घाल बे. ह्यानंच तुझं वाटोळं केलं."

बजरंग उठला, बाहेर बांधकामावरच्या गवंड्याची सपाटी मोजायची पाणसळ मागून आणली आणि माझ्यावर ठेवली. काचेतला बुडबुडा सुसाट एका टोकाला पळाला. बजरंगने खाली वाकून माझा खचलेला पाय बघितला.

"टेबल खोटं न्हाई, शेठ," तो म्हणाला. "दोन वर्सं ते कलतंय. आपुनच खाली वाकून बघितलं न्हाई."

त्याने सुतळ्या सोडल्या. चतुराबाई घोंगडी न्यायला आली. त्याचे डोळे भरलेले पाहून ती घोंगडी झटकत म्हणाली, "कावून रडतो? वाटंतला एक मुक्काम चुकला म्हणून कुणी मेंढरं इकतं का?"

मग त्याने माझ्या पायांखालची काळी माती खणली, कठीण मुरूम लागेपर्यंत. चार दगड बसवले आणि मला त्यांच्यावर उभं केलं. शेठनी मुंबईहून बनात मागवली. बजरंगने ती स्वतः ताणून बसवली. ती स्पर्धा मात्र पुन्हा भरली नाही. त्याची पगाराची जागा गेली ती गेलीच, आणि त्यात माझाही वाटा आहे. हे आठवलं की आजही माझ्या फरशा जड होतात.

पण त्याने मला कसं सरळ केलं ते ऐकून लातूरच्या एका क्लबाने त्याला टेबल लावायला बोलावलं, मग नांदेडच्या, मग पुण्यात तो जिथे हरला होता त्याच क्लबाने. आता मोठे खेळाडू ज्या टेबलांवर खेळतात, त्यांतली कितीतरी टेबलं त्याने लावलेली आहेत. मेंढरं धाकटा बघतो.

मित्रांनो, फटका चुकला तर काठी आपटू नका. आधी खाली वाकून आमच्या पायांकडे बघा. आम्हाला हळदकुंकू नाही वाहिलं तरी चालेल, पण रोज झाडा, तपासा, पाण्यातेलापासून जपा. आमच्यावर शिकणाऱ्याचा सगळा जन्म आमच्या सरळपणावर टेकलेला असतो.

थांबा. दुकानापुढे मोटारसायकल थांबली. बजरंगच आहे. तो काही बोलत नाही, चप्पल काढून आत येतो, ब्रशने मला झाडतो आणि पाणसळ मध्यावर ठेवतो. बुडबुडा डावीकडे सरकतो, माघारी येतो, थरथरतो.

मग मधोमध उभा राहतो. बजरंग हात काढून घेतो, आणि सकाळपासून पहिल्यांदा मीही थांबतो.