सगळ्यात वरचा थर

कुंपणाचं फाटक आज उघडं होतं आणि जिनीव्हा आर्नीचला तेवढं पुरेसं होतं. पहाटेच नदीत उतरून, पूर्वेकडे तोंड करून तिने डोक्यावर पाणी घेतलं होतं. झग्याची कड अजून ओली होती. काखेत वेताची पाटी आणि पाटीत परसातल्या मक्याखालची माती.

समोर गावाचं टेकाड. एके काळी त्याच्या माथ्यावर सभाघर होतं, त्यात अग्नी तेवत असे. प्रत्येक घराने येताना माती आणायची नि टेकाड वाढवायचं, हा चेरोकींचा, अमेरिकेतल्या या मूळ जमातीचा रिवाज. मग गोऱ्यांनी माणसं हाकलून जमिनीला कुंपण घातलं, वर नांगर फिरले आणि टेकाड निम्म्याहून कमी उरलं. जिनीव्हाच्या आईने साठ वर्षं ते कुंपणाबाहेरून बघितलं आणि तशीच गेली. तिच्या वाटची माती आज पडणार होती. पडणारच होती.

"ताई, आधी स्वतःचे गुडघे बघ," मागून धाकटी ओलिव्ह धापा टाकत म्हणाली.

"गुडघे कुठं पळून जातायत? तू चल."

टेकाडाच्या कुशीत चौकोनी खड्डा खणलेला होता. उत्खनन करणारे डॉक्टर हॅलोवे त्यातून लगबगीने वर आले.

"बाई, थांबा! माती टाकू नका. थर बिघडतील, पुरावा नासेल."

"कसला पुरावा?"

"इथे चेरोकी राहत होते, त्याचा."

ओलिव्ह फिस्सकन हसली. जिनीव्हाच्या अंगाचा मात्र तिळपापड झाला.

"मग तुमच्यासमोर उभी आहे ती कोण? भूत?"

"तसं नाही हो. पण ही वस्ती कधीच संपली..."

"संपली नाही. अडवली. सरका."

ते सरकले नाहीत. ती चालतच राहिली, तेव्हा सरकले. शेवटची चढण ती हात टेकत चढली, पाटी पालथी केली, माती तळव्याने थोपटून बसवली. "घे गं आई," म्हणाली आणि घळाघळा रडली.

उतरली ती थेट हॅलोव्यांपुढे.

"प्रत्येक थर वहीत लिहिता ना? काढा वही. सगळ्यात वरचा थर, चेरोकी. तारीख आजची."

त्यांनी वही उघडून पेन काढलं. मग हळूच म्हणाले, "कुणाचा म्हणून लिहू?"

"लुसिंडा आर्नीचचा. माझी आई. आणि वर जागा सोडा, रविवारी बाकीची घरं येतायत."