कार्डावर नसलेले नाव

मुलांनो, पिवळे हेल्मेट डोक्यावर चढवा, पट्टा हनुवटीखाली घट्ट ओढा आणि मिझुहोच्या मागे येऊन उभे राहा. ती रांगेत शेवटची आहे. वय आठ. समोर शाळेचे पटांगण आणि त्याच्या पलीकडे डोंगर. एरवी तो दिवसातून दोन-तीनदा राख ओकतो. मुले छत्र्या उघडतात आणि चालू लागतात. डोंगर गुरगुरला की बेटावरची माणसे वाळत घातलेले कपडे आत घेतात, एवढेच. पण तो गप्प बसला की त्यांची झोप उडते. आज तीन दिवस झाले, त्याच्या माथ्यावर धुराचा एक पुंजकाही दिसलेला नाही.

भोंगा पुन्हा वाजला. सरावाच्या दिवशी तो एकदाच वाजत असे.

उएझोनोबाईंच्या हातात कार्डांचा गठ्ठा होता. प्रत्येक मुलाचे एक कार्ड, आणि त्यावर ज्यांची नावे त्यांच्याच हाती मूल सोपवायचे. बंदरावर नेणारी बस येईपर्यंत जे पालक पोचतील त्यांनी आपले मूल न्यावे. बस आली की उरलेली सगळी बाईंबरोबर निघतील. पाच मुले गेली होती. सतरा उरली होती.

फाटकात एक छोटा ट्रक येऊन थांबला. मिझुहोचे आजोबा उतरले. गुडघ्यापर्यंतचे बूट चिखलाने भरलेले.

"चल गं, घरी."

"आजोबा, थांबा." बाई मध्ये आल्या. "हिच्या कार्डावर फक्त आईचं नाव आहे."

"तिची आई पल्याड शहरात, इस्पितळात स्वयंपाक करतेय. ती काय पोहत येणार?"

"म्हणून तर दोन्ही सरावांना तुम्हाला बोलावलं होतं. सही करायला."

"स्वतःच्या नातीला न्यायला सही! अहो बाई, मुळा उपटताना मी कधी कुणाची सही घेतली नाही."

रांगेतली दोघं-तिघं खुदकन हसली. बाई हसल्या नाहीत. 

"तुमचं घर वर, डोंगराच्या अंगाला आहे. मी तिला तिकडे पाठवणार नाही."

"पन्नास मुळे जमिनीत आहेत. एकेक या पोरीच्या डोक्याहून मोठा. आज राख पडली तर वर्ष फुकट. ही हाताशी असली तर तासाभरात काढू आणि दोघं बंदरावर येऊ."

"नाही."

"डोंगराचे हादरे मोजणाऱ्या यंत्रांचं काय घेऊन बसलात! ती उगाच बोंबलतात. माझी विहीर सांगते ते खरं. पाणी जागेवर आहे तोवर भ्यायचं कारण नाही."

मिझुहो रांगेतून हलली नाही. तिथूनच म्हणाली, "आजोबा, आज सकाळी बादली किती खाली गेली?"

आजोबा उजव्या तळहातावरून अंगठा फिरवत राहिले. तिथे दोराचा ताजा, लाल वळ होता.

वारा नव्हता, तरी पटांगणातल्या झोपाळ्यांच्या साखळ्या किणकिणू लागल्या. पायांखालून काहीतरी जड सरकत गेल्यासारखे वाटले. सगळ्यात लहान मुलाने शेजारच्या मुलीचे दप्तर दोन्ही हातांनी धरले.

बस आत शिरली. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "बाई, उरका! शेवटची फेरीबोट धक्क्याला लागलीय."

मुले एकामागून एक चढली. बाई आजोबांकडे वळल्या.

"तुम्हीही चला. जागा आहे."

"तुम्ही न्या तिला." त्यांचा आवाज एकदम खाली आला. "माझ्या हाती दिली नाहीत, बरं केलंत. मी मुळे काढून पुढच्या बोटीने येतो."

"पुढची बोटच नाहीये," ड्रायव्हर म्हणाला.

"मग होडीने येईन. तुझ्या जन्माआधीपासून वल्हवतोय मी."

"आजोबा, चला ना," मिझुहो बसच्या दारातून म्हणाली.

"जा गं. बाईंचं ऐक."

हे म्हणताना त्यांनी तिच्याकडे पाहिले नाही. ट्रकची किल्ली बोटात अडकवून नुसतीच फिरवत राहिले.

बाईंनी मोजणी सुरू केली. ज्याने त्याने आपला आकडा मोठ्याने सांगायचा, आणि शेवटचा आकडा ऐकू आल्याशिवाय बसचे चाक हलवायचे नाही, असा नियम होता.

"एक!"

"दोन!"

आकडे मागच्या बाकांपर्यंत गेले आणि फिरून दारापाशी आले.

"सोळा!"

पुढचा मिझुहोचा. ती उघड्या दारात ओठ घट्ट मिटून उभी होती.

"मिझुहो," बाई म्हणाल्या, "तुझा आकडा."

ती गप्प. डोंगराच्या माथ्यावरून एक काळी रेघ सरळ वर चढू लागली. आवाज मात्र अजून आला नव्हता. ड्रायव्हरने आरशात पाहिले आणि हात स्टीअरिंगवरून काढला नाही. लहान मुलगा रडू लागला.

"म्हण ना गं!" आतून कोणीतरी ओरडले.

"म्हण की पोरी!" आजोबाही ओरडले. "सगळी खोळंबलीत तुझ्यापायी!"

मिझुहो त्यांच्या बुटांकडे पाहत होती. हेल्मेटचा पट्टा तिने मुठीत घट्ट धरला होता, पण तोंड उघडले नाही.

"हट्टी! अगदी आजीवर गेलीय," आजोबा पुटपुटले. त्यांनी एकदा वर, शेताच्या दिशेने पाहिले. मग किल्ली ट्रकच्या टपावर ठेवली आणि एक पाय बसच्या पायरीवर टाकला.

मिझुहो एक पाऊल मागे सरली. बोलली मात्र नाही.

दुसरा पाय वर आला. दार त्यांच्या पाठीला घासून बंद झाले.

"सतरा," ती म्हणाली.