दोघांनी मोकळा ठेवलेला रकाना

या, असे जवळ सरकून बसा. उभ्या उभ्या ऐकण्यातली ही गोष्ट नाही. गोष्ट आहे टॅक्सच्या कपातीची, आणि तेवढं ऐकूनच तुमचं तोंड आंबट झालंय ते मला दिसतंय. पण देव माणसाला कुठल्या कागदाच्या आडून हाक मारेल याचा नेम नसतो. मला तरी ती हाक देवळापेक्षा पगारपत्रकातून जास्त वेळा ऐकू आलीय. एका आईची आणि तिच्या दोन मुलांची कथा सांगते. मन लावून ऐका, शेवटी तुमच्याकडे एक मागणं मागायचंय.

चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात मी पगाराचं काम बघते. माझा विभाग म्हणजे एकच खोली. दोन टेबलं, एक फोन, मधे काचेची भिंत आणि भिंतीपलीकडे मशीनची घरघर. काच घासताना उडणारी पांढुरकी भुकटी या खोलीतही येते. कितीही पुसा, फायलींवर तिचा हात फिरलेलाच असतो. कारखान्यात सगळे मला ताई म्हणतात. पगार जास्त कापला गेला की नुसतं "काय हो" म्हणतात.

तिथे दोन सख्खे भाऊ एकाच मशीनवर काम करायचे. सकाळची शिफ्ट थोरल्याची, दुपारची धाकट्याची. आमच्याकडे एक रीत आहे. शिफ्ट संपली म्हणून मशीन रिकामं सोडून जायचं नाही. जाणाऱ्यानं पुढची काच चढवायची, पहिला हात मारायचा आणि तिथेच थांबायचं. येणाऱ्यानं तिथून पुढे न्यायचं. काही जण ही रीत नाइलाजानं पाळतात. हे दोघे मात्र ती जिवाभावानं पाळायचे. थोरला मुद्दाम चांगली, बिनबुडबुड्याची काच निवडून धाकट्यासाठी चढवून ठेवायचा. बोलणं म्हणाल तर बेताचंच. मशीनच्या आवाजात कोण किती बोलणार? खांद्यावर हात ठेवायचा, मान हलवायची, निघायचं. घरीही तीच सवय झालेली.

आई थोरल्याकडे राहायची. धाकटा बायकोला घेऊन दोन गल्ल्या पलीकडे. रविवारी सगळे एकत्र जेवायचे. आईला एक बहीण होती, दूरच्या गावी एकटी राहायची. नवरा गेल्यापासून ती आईच्या मागे लागली होती: ये इकडे, दोघी मिळून राहू, खिडकीजवळचा पलंग तुला देते. आई म्हणायची, बघते. तिचं मन जायचं होतं की राहायचं होतं, ते तिचं तिलाही नीट कळत नसावं. मुलांनी मात्र कधी जा म्हटलं नव्हतं, आणि राहा असंही म्हटलं नव्हतं.

आता टॅक्सचं थोडक्यात सांगते, घाबरू नका. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येकानं आम्हाला लिहून द्यायचं असतं की माझ्या डोक्यावर हा हा खर्च आहे. घरभाडं आहे, विमा आहे, माझ्यावर आई-वडील अवलंबून आहेत. त्या हिशेबानं आम्ही दर महिन्याला कमी-जास्त टॅक्स कापतो. लिहिलंच नाही, तर आमच्या लेखी तुम्ही सडेफटिंग, टॅक्स पुरा कापायचा, आणि कापायचा राहिला असेल तो वर्षाच्या शेवटी एकदम वसूल होतो. देवाला न सांगता सगळं कळतं. टॅक्सवाल्यांना लिहून द्यावं लागतं.

तशीच वसुली झाली आणि धाकटा पगाराची चिठ्ठी नाचवत माझ्याकडे आला.

"ताई, हा पगार आहे की प्रसाद? तळहातावर मावला."

मी त्याचा कागद काढला. "अरे, आई-वडिलांचा रकाना कोराच ठेवलायस. आई आहे ना तुला?"

"आहे की. पण ती दादाच्या कागदावर असणार. त्याच्याकडेच राहते."

मी थोरल्याचा कागद काढला. तिथेही कोरं. मागच्या वर्षीचे बघितले, त्याच्या मागचे बघितले. दोघांचेही रकाने स्वच्छ, जणू ओल्या फडक्यानं पुसून घेतलेले.

धाकट्याला हसू आवरेना. मीही हसले. त्या वेळी ते हसण्यासारखंच होतं. तो त्याच हसण्यात घरी गेला आणि रविवारी जेवताना आईला म्हणाला, "आई, ऐकलंस का? सरकारदरबारी तू आमची कुणीच लागत नाहीस. दादाच्याही कागदावर नाहीस, माझ्याही नाहीस."

आई म्हणाली, "बरं." आणि त्याला आणखी भात हवा का ते विचारलं.

दुसऱ्या दिवशी तिनं बहिणीला फोन करून कळवलं, मी येते.

हे मला थोरल्यानं सांगितलं. शिफ्ट सुटल्यावर तो खोलीत आला, खुर्ची असूनही उभाच राहिला आणि नखातली भुकटी काढत म्हणाला, "ताई, तो आईचा रकाना आता भरला तर चालतो का?"

"चालतो. मुदत आहे अजून. कापलेलं परतही मिळतं. पण आईची सही लागेल."

"ती परवा मावशीकडे निघालीय."

"किती दिवसांसाठी?"

"राहायलाच." मग म्हणाला, "कपाटावरची बॅग खाली काढून पुसून ठेवलीय तिनं. सुटकेस नाही, मोठी बॅग."

"तू थांब म्हणालास का तिला?"

"तिला जायचं असेल तर मी आडवा कसा येऊ?"

"आणि जायचं नसेल तर?"

त्याला हा प्रश्न कुणी विचारला नसावा. नखं साफ झाली तरी तो नखंच बघत राहिला. मी म्हटलं, "उद्या शिफ्ट बदलायच्या वेळी घेऊन ये त्यांना. सही होऊन जाऊ दे."

आई आली. ठेंगणी, ताठ बसणारी, स्वच्छ इस्त्रीचं नेसलेली. नाकावर चष्मा, त्याच्या काचा याच दोघांनी घासलेल्या. थोरला एका बाजूला उभा, धाकटा डब्याची पिशवी खांद्याला लावून दुसऱ्या बाजूला. माझ्या टेबलावर दोघांचे कागद शेजारी शेजारी.

"हे बघा काकू," मी म्हटलं, "आई एकाच मुलाच्या नावावर दाखवता येते. दोघांनी दाखवली तर दोघांनाही नोटीस. तेव्हा कुणाच्या कागदावर घालू ते सांगा."

"त्याच्या," थोरला म्हणाला.

"दादाच्या," धाकटा म्हणाला, त्याच दमात.

"अरे, तू घे."

"नको, तू घे ना. तुझ्याकडेच आहे ती."

"म्हणून काय झालं? तूच घे. मला नको."

"मला तरी कशाला?"

कीर्तनात रंगात आलेले बुवा एकाएकी टाळ थांबवतात आणि सगळा मंडप कान देऊन बसतो, तशी ती खोली झाली. आईनं पर्स उचलली. पर्सची चेन लावलेलीच होती, तरी तिनं ती पुन्हा लावून बघितली.

"माझं नाव नका घालू कुठे," ती मला म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "उद्यापासून मी इथे नसणारच आहे. उगाच दोघांच्या गळ्यात."

धाकट्याच्या खांद्यावरची पिशवी घसरली. "आई, गळ्यात काय? मी दादाला देत होतो तुला."

"ऐकलं मी."

"तसं नाही गं. टॅक्स कमी होतो ना. त्यानं एवढं घर चालवायचं, तुला सांभाळायचं आणि सवलत मी लाटायची? दरवर्षी फॉर्म आला की मी ती जागा त्याच्यासाठी सोडायचो."

थोरला त्याच्याकडे बघत राहिला. "मी तुझ्यासाठी सोडायचो," तो म्हणाला. "तुझा पगार कमी, भाडं भरतोस. म्हटलं, तुझ्या कामी येऊ दे. तू भरलाच असशील असं धरून चाललो."

"मला सांगायचंस तरी."

"तू तरी सांगितलंस का?"

आई एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती. मग तिनं पर्स पुन्हा मांडीवर ठेवली. "म्हणजे तुमच्या त्या मशीनवरच्या काचेसारखी गत केलीत माझी. याला वाटतंय पुढचं तो करील, त्याला वाटतंय पुढचं हा करील, आणि मी बसलेय मधेच चढून."

मी हसणार होते, पण तिचे डोळे बघितले. त्यापेक्षा कामाला लागणं बरं.

"टॅक्सच्या नियमात आई कुणाला भेट द्यायची सोय नाही," मी म्हटलं. "जो खर्च करतो त्यानंच लिहायचं. मी विचारते, खरं तेवढं सांगा. घर, जेवणखाण, कपडालत्ता कोण बघतं?"

"मी," थोरला म्हणाला, चोरी पकडल्यासारखा.

"डॉक्टर, औषधं? डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं ना काकूंचं?"

"ते सगळं हा करतो," थोरलाच म्हणाला. "दवाखान्यात मला पाऊल टाकू देत नाही. पावत्या हट्टानं स्वतः घेतो."

"दादाला सुया बघवत नाहीत," धाकटा म्हणाला. "मागे एकदा आईच्या आधी त्यालाच झोपवावं लागलं होतं."

मी फॉर्म उलटा केला. आमच्या फॉर्मला मागची बाजू असते आणि ती कुणी वाचत नाही. पुढच्या बाजूला अवलंबून आई-वडिलांचा सांभाळ. ती वजावट एकालाच मिळते. मागच्या बाजूला आई-वडिलांच्या उपचारांचा खर्च. तो वेगळा, ज्यानं केला त्याचा. दोन्ही रकाने वेगवेगळे. थोरल्यानं पुढचा भरायचा, धाकट्यानं मागचा. कुणी कुणाचं काही घेत नाही आणि यात खोटं एक अक्षर नाही. दोघांना समजावून सांगायला मला हिशेबापेक्षा जास्त वेळ लागला, कारण दोघेही मधे मधे "पण त्याचं कमी तर होणार नाही ना?" विचारत होते.

पेन आईच्या हातात दिलं. तिनं ते धरलं, पण टेकवलं नाही.

"हे भरेल गं," ती मला म्हणाली. "कागदाचं काय. पण बॅग भरून झालीय माझी."

मी थोरल्याकडे बघितलं. धाकट्यानंही बघितलं. पलीकडे कुणाच्या तरी मशीनचा आवाज बदलला आणि थोरल्याचं लक्ष सवयीनं तिकडे गेलं. ते तिथून परत आणायला त्याला कष्ट पडले.

"जाऊ नकोस," तो म्हणाला.

"का?"

"नको जाऊस, एवढंच."

"कारण सांग. या बाईंना विचार, जागा कोरी सोडलेली चालत नाही."

तो टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाला, "मी घरी आलो की तू विचारतेस, आज किती फुटल्या. दुसरं कुणी विचारत नाही. विचारलं की मला बरं वाटतं. फुटलेल्याचंही काही वाटत नाही मग."

आई म्हणाली, "आज किती फुटल्या?"

"एकच."

"माझ्यामुळे?"

"हो. बॅगेचा विचार करत होतो."

धाकटा म्हणाला, "आणि रविवारचं काय? मी रविवारी कुणाकडे जेवायचं? दादा स्वयंपाकाला लागला तर मागचा, औषधपाण्याचा रकाना मलाच वापरावा लागेल." आईनं त्याच्याकडे डोळे वटारून बघितलं, पण ओठांतलं हसू दाबूनच.

मग तिनं सही केली. सावकाश, एकेक अक्षर, दोन्ही कागदांवर. धाकट्याची शिफ्ट सुरू झाली होती. तो आईच्या खांद्यावर हात ठेवून, मान हलवून गेला. थोरला तिची पर्स घेऊन दारात उभा राहिला.

पण ती उठली नाही. "एक फोन करू का इथून?" तिनं विचारलं. "घरी गेले की धीर होणार नाही."

माझा फोन जुना, त्यातलं बोलणं खोलीभर ऐकू येतं. मी बाहेर जायला निघाले, तर तिनं हातानं बस म्हणून खूण केली.

"अक्का, मी बोलतेय. अगं, माझं यायचं रहित झालं."

पलीकडून आवाज आला, म्हातारा आणि हसरा. "बरं झालं गं. मुलांनी अडवलं ना? मी म्हणतच होते, अडवतील. चांगली आहेत तुझी पोरं."

"तुला राग आला?"

"मला कसला राग? मी आपली पलंग खिडकीशी ओढून ठेवला होता. एकटीनंच ओढला, शेजारच्यांना नाही बोलावलं. असू दे तिथेच. ऊन येतं त्याच्यावर छान."

"मी येईन ना मधे आठ दिवस."

"ये हं," मावशी म्हणाली. "चादर बदललेलीच आहे."

फोन ठेवून आई उठली. मग मुलाबरोबर गेली. थोरल्याचं कापलेलं परत आलं, धाकट्याचंही आलं, आणि तुम्ही विचाराल म्हणून सांगते, आई अजून तिथेच आहे.

आता माझं मागणं. आई दोघांच्या कागदावर आली, तिला तिची जागा मिळाली, त्यासाठी देवाचे आभार मी मानलेच आहेत. पण माझ्याजवळच्या कुठल्याच फॉर्मवर त्या मावशीसाठी जागा नाही. ती कुणाची अवलंबून नाही, कुणाच्या वजावटीत बसत नाही, आणि तरीही बहिणीला मुलांनी अडवलं म्हणून ती हसली. मी तिला कधी बघितलेलं नाही. तुम्हीही बघणार नाही. पण आज देवापुढे हात जोडाल, तेव्हा आपल्या माणसांची नावं घेऊन झाली की तिचीही आठवण करा.