पूवम्माने उचललेली पिशवी

"सार, वर या! पाणी वाढतंय!" पूवम्मा तिसऱ्यांदा ओरडली.

प्रवाहातल्या खडकावर बसलेल्या माणसाने मान वळवली. "अज्जी, डोक्यावर ऊन आहे बघ! कुठला पाऊस?" शेजारी त्याची बायको पाण्यात पाय सोडून हसत होती.

कॉफीच्या मळ्यातून दहा मिनिटं चाललं की हा धबधबा. म्हातारीकोतारीही सहज येत. पूवम्मा बावीस वर्षं इथली राखणदार. गेल्याच आठवड्यात मळ्याच्या साहेबांनी बजावलं होतं, "पाहुण्यांवर ओरडतेस म्हणून दोन तक्रारी आल्यात. तिसरी आली की घरी बस."

ऊन होतं, हे खरं. पण वरच्या डोंगरावर काळं दाटलं होतं. पाण्यातून पालापाचोळा येऊ लागला होता आणि धबधब्याचा आवाज जड झाला होता. तो आवाज तिला पाठ होता.

पाण्यात शिरून दोघांना ओढून आणण्याएवढं बळ तिच्या गुडघ्यांत नव्हतं. काठावर त्यांची पिशवी पडली होती. पूवम्माने ती उचलली, काखोटीला मारली आणि चढाची वाट धरली.

"ए म्हातारे! ठेव ती! वनजा, ऊठ, गाडीची किल्ली आहे त्यात! चोर! चोर!"

मागे पाण्यात धपाधप पावलं वाजली, मग दगडांवर. ती थांबली नाही. वळणावर त्याने तिला गाठलं, दंड धरून पिशवी हिसकावली.

"लाज नाही वाटत या वयात? आत्ता तक्रार करतो तुझी!"

"करा. आधी बाईंना वर येऊ द्या."

वनजा धापा टाकत पोचली. तेवढ्यात खाली सोसाट्याचा वारा सुटल्यासारखा आवाज झाला आणि तांबडं पाणी घुसलं. अख्खं झाड त्यात काडीसारखं गरगरत होतं. मघाचा खडक दिसेनासा झाला.

वनजा मटकन खाली बसली. त्याने पूवम्माचा दंड सोडला.

"अज्जी... तुमचं नाव काय?"

"तक्रारीत लिहायला लागेलच की. पूवम्मा लिहा."

वरून कुणाच्या तरी हसण्या-बोलण्याची चाहूल आली. नवे पाहुणे उतरत होते. ती घाईने वर गेली, वाटेवर आडवा दोर बांधला आणि खांबाला पाठ टेकून उभी राहिली. पाहुणे दिसताच ती पुन्हा ओरडली, "सार, खाली जाऊ नका! पाणी वाढतंय!"