शिखराचा दगड उकळतो तेव्हा

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. शिखरबाबांनी आक्काच्या तळहातावर पांढरा दगड ठेवला, त्यावर सुगंधी पाणी ओतलं, आणि गारेगार दगड चक्क फसफसून उकळू लागला! लोकांनी आ वासला.

"जिथे माणूस पोचत नाही, त्या शिखराचा हा श्वास आहे," बाबा डोळे मिटून म्हणाले. मग दगड कुणी आणला, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. "हेच पाणी पीत जा. सुया फेकून द्या!"

इथे येण्याच्या घाईत आक्काचं सकाळचं इन्सुलिन राहूनच गेलं होतं. तिच्या सोबतीला आलेल्या धाकट्या भावानं, म्हणजे आपल्या प्राध्यापकसाहेबांनी, जन्मभर भूगर्भशास्त्र शिकवलं होतं. पण दगड उकळताच साहेबांच्याही अंगावर काटा आला आणि हात आपसूक जोडले गेले. एवढं शिक्षण, पण पालथ्या घड्यावर पाणी!

खोड मात्र जात नाही. भूगर्भवाल्यांच्या हाती दगड आला की ते तो चाटून बघतात. ओल्या दगडाचे कण नीट दिसतात. आक्कानं दगड पुढे केला आणि साहेबांनी सवयीनं जीभ लावली.

"शी! आंबट!"

"अरे, चारचौघांत चाटतोस काय?" आक्का कुजबुजली.

साहेबांच्या डोक्यात प्रकाश पडला, तोही उशिरा. अरे, ही तर चुनखडी! तिच्यावर आम्ल पडलं की बुडबुडे येणारच. हीच परीक्षा करायला ते वर्षानुवर्षं खिशात आम्लाची बाटली घेऊन डोंगर तुडवत होते, आणि त्या आम्लानं शर्टांना पडलेली भोकं आक्का शिवत होती.

"बाबा, जरा साधं पाणी घालू का?"

"शिखर कोपेल!"

"कोपू दे. आमची जुनी ओळख आहे."

साहेबांनी दगड पुसून आपल्या बाटलीतलं पाणी ओतलं. दगड ढिम्म. मग दारातल्या सरबतवाल्याकडून लिंबू मागवून पिळलं, आणि शिखराचा श्वास पुन्हा सुरू झाला. बाबांना एकाएकी दुसरीकडचं बोलावणं आठवलं.

"पण दगड शिखरावरचाच ना?" कुणीतरी चिकाटीनं विचारलं.

"असेलही. ते शिखर एकेकाळी समुद्राचा तळ होतं. शिंपल्यांचे थर दबून दगड झाले, जमिनीला जमीन भिडली आणि तळ ढगांत गेला. नवल वाटायला एवढं पुरे. पण त्यानं रक्तातली साखर उतरत नाही."

बाहेर आल्यावर आक्का थांबली. "मला आधी शंका होती रे. तू हात जोडलेस म्हणून मी सुया सोडणार होते."

साहेबांचा चेहरा पडला. "मी शिकलेलं गाढव, आक्का. पुढच्या वेळी माझे हात बघू नकोस, लिंबू पिळून बघ. आता घरी चल, आधी इंजेक्शन."