पहिलं नको

प्रेमलाबाई फिक्या हिरव्या काठाची साडी नेसल्या, त्यांनी डब्यात शेंगांच्या पोळ्या भरल्या आणि दार लावून त्या आतच बसून राहिल्या. बाहेर शेजारचा टेम्पो भरला जात होता.

"दमानं की! आंबील हिंदकळंल," शिवप्पा कुणावर तरी ओरडला.

सगळे चढले. चप्पल विसरली म्हणून कुणीतरी उतरलं, पुन्हा चढलं. बाईंनी पाय चपलांत सरकवून ठेवले होते. टेम्पो निघाला, त्यांच्या दारापुढं घुटमळला, आणि गेला.

घुटमळला तो खड्ड्यामुळं.

येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळा अमावस्येला, नळदुर्गात माणूस उरत नाही. ज्याचं शेत आहे तो शेतात जेवायला जातो आणि ज्याचं नाही त्याला शेतवाला ओढून नेतो. बाईंचं शेत नव्हतं. शाळेतली मराठी तेवढी होती, तीही निवृत्तीबरोबर सुटली. पण शिवप्पाच्या शेतात, पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपीशेजारी, बाईंचं आणि मार्तंडरावांचं पान कायमचं ठरलेलं. तिथं पालेभाज्या-डाळींची भज्जी अशी वाढत की ताटावर हात आडवा धरेपर्यंत वाढणारी थांबत नसे. तोंडी नकाराला तिथं कुणी विचारत नाही.

बोलावण्याचीही एक रीत होती. शिवप्पाची बायको भुवनेश्वरी, एकेकाळची बाईंचीच विद्यार्थिनी, आदल्या दिवशी उंबऱ्यात यायची.

"बाई, उद्या शेतात या."

"नको गं. तुम्ही जाऊन या."

मग आतल्या खोलीतून मार्तंडराव विचारायचे, "निघायचं किती वाजता?"

"बघ, यांना जराही लाज नाही," असं बाई म्हणायच्या आणि शेंगा भाजायला घ्यायच्या. पहिलं नको बाईंचं, पुढचं वाक्य मार्तंडरावांचं. संसारात कामं अशी वाटून जातात, आणि वाटलीत हे एकजण गेल्यावर कळतं. मार्तंडराव वैशाखात गेले.

यंदा भुवनेश्वरी स्वयंपाकात अडकली होती, म्हणून निरोप फोनवर आला. *बाई उद्या शेतात या.* बाईंनी 'बाई'पुढं मनातल्या मनात स्वल्पविराम दिला, चष्मा पुसला आणि उत्तर लिहिलं. *नको गं. तुम्ही जाऊन या.* दोन वाक्यं, दोन पूर्णविराम. मग फोन मांडीवर ठेवून त्या थांबल्या. बऱ्याच वेळानं दोन जोडलेले हात आले. त्यानंतर काही आलं नाही. शेंगा मात्र त्यांनी भाजल्या.

दुपारी त्या गल्लीत येऊन उभ्या राहिल्या. किराणा दुकान बंद, पिठाची गिरणी बंद. लांबून हमरस्त्यावरच्या ट्रकांचा आवाज तेवढा येत होता. दुकानाच्या पायरीवर एक कुत्रं झोपलं होतं. त्यालाही शेत नसावं.

घरात येऊन बाईंनी फोन घेतला आणि लिहिलं, *येऊ*.

शाळेत विरामचिन्हं शिकवताना दरवर्षी त्या फळ्यावर 'येऊ नको' एवढंच लिहायच्या. पुढं पूर्णविराम दिला की दार बंद. दोन्ही शब्दांपुढं प्रश्नचिन्हं दिली की तेच माणूस दारात अवघडून उभं, येऊ? नको? पोरी खिदळायच्या. भुवनेश्वरी सगळ्यांत जास्त.

बाईंनी 'येऊ'पुढं प्रश्नचिन्ह दिलं. थोडा वेळ त्याच्याकडं पाहिलं. मग आधी चिन्ह खोडलं, नंतर शब्द. एक पोळी उभ्या उभ्याच खाल्ली.

दिवेलागणीला कडी वाजली. उन्हानं तांबारलेली भुवनेश्वरी, हातात डबा.

"बाई, दिवा बी लावला न्हाय?"

"लावतेच आहे. झाली का येळवस?"

"झाली. तुमचं पान वाढलंवतं."

"माझं?"

"सवयीनं. सरांचं बी मांडाय लागले, मग आत्याबाईंनी हात धरला."

बाई ताट पुसू लागल्या. ते कोरडंच होतं.

"म्या येनारच हुते परत इचारायला," भुवनेश्वरी डबा उघडत म्हणाली. "आमचे हे म्हनले, बाईंनी टिंब दिलंय. बाई उगं टिंब देत न्हाईत. सरांचं वर्ष व्हायच्या आत मानसाला सनाला वढू नये. मला बी पटलं. तुमीच तर शिकवलंय, टिंब म्हंजे संपलं."

"टिंब नाही. पूर्णविराम."

"त्येच की वो."

दोघी हसल्या. बाईंचं हसणं आधी थांबलं.

भुवनेश्वरीनं भज्जी वाढली, बाजरीचा उंडा मोडून ठेवला. बाई जेवल्या, बोटं चाटूनपुसून जेवल्या. शेतातल्या धुराचा वास भज्जीला होता.

"आनखी वाढू?"

बाईंची नजर आतल्या खोलीच्या पडद्याकडं गेली. पडदा स्थिर होता. भुवनेश्वरी पळी धरून बसली होती, आता कुणाच्या शब्दावर जावं ते न कळल्यासारखी.

"नको," बाई म्हणाल्या.

ताटावर हात मात्र त्यांनी आडवा धरला नाही.